न रडणाऱ्यांचं घराणं

रामकिसन गुरुजींच्या पंचाहत्तरीच्या सकाळी ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की लेकीच्या गोळ्यांची पट्टी जागेवर नाही.

पर्समध्ये नव्हती, कपड्यांच्या बॅगेत नव्हती, खिडकीतल्या चष्म्याच्या डबीखालीही नव्हती. वाटूरच्या या सासरच्या घरात वस्तू हरवत नसत. त्या कोणीतरी 'नीट ठेवलेल्या' असत. त्यामुळे ज्योत्स्ना शोधत बसली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई बेबीनंदा पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. नणंद मोनाली जालन्याहून दोन दिवस आधीच मदतीला आली होती आणि आत्तापर्यंत तीन साड्या नेसून बघायला तिची चांगलीच मदत झाली होती.

"मोनाताई, संबोधीच्या गोळ्या कुठे आहेत?"

"हायेत की. नीट ठेवल्यात."

"द्या मग. आठ वाजत आले."

मोनालीनं आईकडे पाहिलं. आईनं कोथिंबिरीकडे पाहिलं.

"आजच्या दिवस राहू दे ना वहिनी," मोनाली म्हणाली. "गोळी घेतली की पोरगी मलूल होऊन बसती. जेवत न्हाई, हसत न्हाई. तीनशे माणूस येऊन राह्यलं आज. गुरुजींची नात जरा धीट दिसली पाह्यजे का न्हाई?"

"तिला भाषण करायचंय ना? 'माझे आजोबा', दोन पानं. गोळी नसेल तर ती दोन ओळीसुद्धा एका जागी उभी राहणार नाही."

"आन् दुसरं सांगू का," बेबीनंदा आता बोलल्या, "गोळी सुरू झाल्यापासून पोर रडकी झाली. दिवाळीला दारात बोट चेमटलं, तर केवढ्यानं रडली! आधी रडायची का कधी? पायात येड्या बाभळीचा काटा घेऊन दोन दिवस हिंडली ही. दोन दिवस! डोळ्यातून टिपूस न्हाई."

काट्याची गोष्ट या घरात पाहुण्यांना चहाबरोबर दिली जायची. त्या काट्यानं पू झाला आणि शेवटी पाय चिरावा लागला, हा भाग येईपर्यंत पाहुण्यांचा चहा संपलेला असायचा.

"आई, दारात बोट चेमटलं की रडायचंच असतं," ज्योत्स्ना म्हणाली. ती संभाजीनगरला एका शाळेत विज्ञान शिकवायची, आणि एकच धडा चाळीसदा समजावण्याची तिला सवय होती. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, ज्यांचं ध्यान एका जागी टिकत नाही अशा मुलांचं दुखण्याचं गणित सरळ नसतं. काहींना केस विंचरलेले सोसत नाहीत. आणि काहींचं ध्यान दुसरीकडे असलं की केवढंही लागो, पत्ता नसतो. सगळं अजून पक्कं कळलेलं नाही, असंही ते म्हणाले. पण आपल्या संबोधीचं मला दिसतंय ना. गोळीनं तिचं ध्यान जाग्यावर येतं, मग दुखलेलं तिला कळतं. ती रडकी झाली नाही. तिला कळायला लागलंय."

"न कळलेलं काय वाईट व्हतं?" बेबीनंदा म्हणाल्या.

"गोळ्या काढल्या कुणी?"

"मिथुनदादाला विचारूनच ठेवल्या," मोनालीनं झटकन सांगितलं.

मिथुन दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. संभाजीनगरच्या कॉलेजात तो मराठी शिकवायचा आणि परिसंवादात अर्धा अर्धा तास न थांबता बोलायचा. या घरात आला की त्याची वाक्यं चार शब्दांची होत.

"एका दिवसानं काय होतं."

"मिथुन, तू हो म्हणालास?"

"चुकली तर चालतं, डॉक्टरच म्हणाले."

"चुकली तर. घरच्यांनी लपवली तर काय करायचं, ते विचारायचं राहिलं आपलं."

मिथुन आंघोळीला गेला. पट्टी काही मिळाली नाही. नावाचा मान ठेवायचा तर नऊ वर्षांच्या मुलीनं एखाद्या झाडाखाली शांत बसायला हवं होतं. हे नाव गुरुजींनीच ठेवलं होतं. संबोधी त्या वेळी अंगणातल्या कडुनिंबावर होती.

*

कार्यक्रम फाट्यावरच्या मंगल कार्यालयाच्या आवारात, मांडव घालून होता. बुद्धवंदना झाली, प्रतिमांना हार घातले गेले, आणि मग माणसांची पाळी आली. गौरव समितीचे अध्यक्ष काकासाहेब हे गुरुजींचे माजी विद्यार्थी आणि पंचायत समितीचे माजी सभापती. त्यांनी माईक हातात घेतला.

"गुरुजींनी मला मारलं!" ते म्हणाले, आणि थांबले. टाळ्या पडल्या. "इतकं मारलं, इतकं मारलं, की हातात पाटी धरवत न्हव्हती. आन् म्हणून आज मी इथं उभा हाये!"

इथं म्हणजे गेल्या दोन निवडणुका हरल्यानंतर जिथं उभं राहता येतं तिथं, पण आज तो विषय नव्हता. त्यांच्यानंतर एक ग्रामसेवक बोलले, त्यांना पायाच्या पोटऱ्यांवर मार बसला होता. एक मेडिकल दुकानदार बोलले, त्यांना ओणवं करून. प्रत्येक जण आपापला मार जपून आणून गुरुजींच्या पायाशी ठेवत होता. मार सोसेना म्हणून ज्यांनी शाळाच सोडली, त्यांनाही बोलवायचं असं बैठकीत ठरलं होतं म्हणे, पण त्यांचे पत्ते समितीकडे नव्हते.

गुरुजी मधल्या खुर्चीत ताठ बसले होते. शाल आली, श्रीफळ आलं, आणि सगळ्यात शेवटी समितीची खास भेट आली. मखमली पेटीतून काढलेली, चांदीची मूठ बसवलेली वेताची छडी. मांडव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. गुरुजींचे डोळे भरून आले. सदतीस वर्षांची नोकरी, पाच शाळा, आणि एकाही पोराला त्यांनी जातपात बघून मारलं नव्हतं. पाटलाचं असो की आपल्या वस्तीतलं, छडी सारखीच. आणि लोक म्हणू नयेत म्हणून स्वतःच्या पोराला थोडी जास्त. हे त्यांना न्यायाचं वाटत आलं होतं, आणि आज तीनशे माणसं तेच सांगत होती.

"आता गुरुजींची नात, कुमारी संबोधी, आपल्या आजोबांविषयी बोलेल!"

कुमारी संबोधी त्या वेळी स्टेजवर अगदी कडेला ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी राहून खांबाला बांधलेला गॅसचा निळा फुगा सोडवत होती. नाव ऐकून ती वळली. खुर्ची वळली नाही. चार फूट उंचीवरून पोर डाव्या हातावर खाली आली. धप्प आवाज पुढच्या सहा रांगांना ऐकू गेला.

"अगं बाई!" बायका उठल्या. ज्योत्स्ना मागच्या रांगेतून धावत सुटली.

ती पोचायच्या आधीच संबोधी उठून, फ्रॉक झटकून, पायऱ्या चढून माईकशी हजर झाली होती. "माझे आजोबा. माझ्या आजोबांचं नाव रामकिसन गुरुजी. ते शिस्तप्रिय आहेत. त्यांना..." एवढ्यात निळा फुगा सुटून मांडवाच्या कडेनं वर गेला. संबोधी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं टेबलावरचा गुच्छ उजव्या हातानं उचलला, आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि कार्यक्रम संपल्यासारखी हसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी तिला एका हातानं जवळ ओढलं, दुसऱ्या हातानं माईक घेतला.

"बघितलं? एवढ्या उंचावरून पडली. रडली का?"

"न्हाई!" मांडव म्हणाला.

"रक्तात असावं लागतं हे. आमचा धाकटा प्रेमही असाच. अभ्यासात मागं पडला ते सोडा, पण हाडाचा पक्का. एकदा शंभर छड्या मारल्या मी त्याला, वर्गासमोर. शंभर! हूं की चूं न्हाई. मी थकलो, तो थकला न्हाई!"

तीनशे माणसं खळखळून हसली.

*

प्रेम स्टेजमागे अॅम्प्लिफायरजवळ बसला होता. परतूरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा चालत्या करून द्यायचा. घरचा माणूस असताना साउंडवाला बाहेरून कशाला बोलवायचा, असं ठरल्यामुळे आजचा आवाज त्याच्याकडे होता. निमंत्रणपत्रिकेत प्रा. मिथुन होते, सौ. मोनाली होती. प्रेम 'समस्त परिवार' या शब्दांत होता.

आपली गोष्ट त्यानं आपल्याच स्पीकरमधून ऐकली. ती त्याला नवी नव्हती. लग्नात, बारशात, त्याच्या स्वतःच्या साखरपुड्यातही ती सांगून झाली होती, आणि दर वेळी तो लोकांबरोबर हसायचा. आजही तो हसायच्या बेतात होता. पण पडद्याच्या फटीतून त्याला गुरुजींच्या मांडीपाशी उभी असलेली संबोधी दिसली. तिचा डावा हात लोंबत होता. मनगटाच्या वर हाताला एक बाक आला होता.

त्यानं बटण फिरवून आवाज बंद केला.

गुरुजींचे ओठ हलत राहिले. एक हात हवेत गेला, छडी मारल्यासारखा खाली आला. आवाज मात्र नाही. पहिल्या रांगेतलं कोणीतरी अजून हसत होतं. तेवढ्यात प्रेम स्टेजवर आला आणि संबोधीला कडेवर घेऊन निघाला.

"काका, हे बघ," ती म्हणाली. "माझा हात चमच्यासारखा झाला."

"बघितला, बाळा. हलवू नको."

स्टेजमागे, भाताच्या पातेल्यांजवळ, सगळं घर गोळा झालं. ज्योत्स्नानं हात बघितला आणि गळ्यातली ओढणी काढली. मिथुन "बर्फ, बर्फ आणा" म्हणत स्वतःभोवती एक फेरी मारून आला. मागोमाग गुरुजी आले, गळ्यात हार, हातात छडी.

"प्रेम! माईक कोणी बंद केला?"

"मी केला. पोरीचा हात मोडलाय, गुरुजी."

"काय बोलतो? मोडला असता तर रडली असती."

"मी रडलो का कधी?"

"म्हणजे?"

"न्हाई, सांगा ना. शंभर झाल्या म्हणता. मी रडलो न्हाई, म्हणून मला लागलं न्हाई, असंच ना?"

भात वाढणारी माणसं वाढायची थांबली. या घराण्यात कार्यक्रमाच्या दिवशी कोणी प्रश्न विचारत नसे.

"हे बोलायची ही वेळ हाये का?" मिथुन म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

"तू गप," हे मोनाली म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कारण मोठ्या भावाला गप म्हणणं हे तिच्या बेचाळीस वर्षांत बसत नव्हतं. तिनं ब्लाउजमधून लहान पर्स काढली, पर्समधून गोळ्यांची पट्टी, आणि ती ज्योत्स्नाच्या पुढे धरली. "वहिनी, द्या तिला. माझ्यामुळं झालं. द्या जल्दी."

"आता नको, मोनाताई. ती सकाळचीच असते. आत्ता दिली तर झोप येणार नाही तिला." ज्योत्स्नानं पट्टी घेऊन मुठीत दाबली. ओरडायचं तिनं ठरवलं होतं, पण समोरची बाई आधीच रडत होती. "आणि गोळी घेतलेली मुलंही पडतात. फक्त गोळी असती तर दुखतंय म्हणून तिनं मला लगेच सांगितलं असतं, एवढंच."

"चल, मी गाडी काढतो," मिथुन म्हणाला.

"तू थांब," ज्योत्स्ना म्हणाली. "पाहुण्यांना जेवायला घाल. एका दिवसानं काय होतं."

गाडीची किल्ली तिनं प्रेमच्या हातात दिली. बेबीनंदा कोणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. काकासाहेब धावत आले. "गुरुजी, सत्काराला उत्तर बाकी हाये! लोक बसलेत!" गुरुजींनी क्षणभर मांडवाकडे पाहिलं. मग छडी काकासाहेबांच्या हातात देऊन ते पुढच्या सीटवर बसले. नातीची काळजी होती, हे खरं. पण पोरीचा हात मोडलेला नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं, हेही तेवढंच खरं.

*

परतूरच्या रस्त्याला लागल्यावर संबोधी बोलत राहिली. कापसाच्या गाड्या किती, त्यात पांढऱ्या किती, फुगा ढगाच्या वर गेला तर फुटेल का, बगळ्यांना नाव असतं का. ज्योत्स्नानं ओढणीची झोळी करून तिचा हात धरला होता.

"एवढी बोलती," गुरुजी पुढून म्हणाले. "मोडलेला हात असा असतो का?"

पुढं रस्त्याचं काम चालू होतं, गाडी थांबली. बघायला नवीन काही नव्हतं. संबोधी बगळ्यांच्या मधेच थांबली.

"आई," ती म्हणाली. "हात दुखतोय."

आणि मग ती रडली. आधी बारीक, मग सगळा श्वास लावून. गुरुजी दचकून मागं वळले. सदतीस वर्षांत त्यांनी पोरांचं रडणं पुष्कळ ऐकलं होतं. पण ते छडीसरशी यायचं, हिशेबात बसायचं. हे पाऊण तासानं आलं होतं.

"आता काय झालं? आता कुठं काय लागलं तिला?"

"तव्हाच लागलं, गुरुजी," प्रेम समोर बघत म्हणाला. "आता पोचलं."

बेबीनंदांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. सकाळचे स्वतःचेच शब्द त्यांना आठवत होते, आणि त्यांना ते आवडले नव्हते.

"ह्याचं बी असंच व्हतं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"प्रेमचं. तुम्ही मारून प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जायचे. हा खेळायला पळायचा, जसं काही झालंच न्हाई. मंग जेवायला बसला की भाकरीचा तुकडा मोडता यायचा न्हाई. तव्हा रडायचा. लई रडायचा. मी भरवायचे. दहा वर्षांचं पोरगं, मी भरवायचे."

गुरुजींनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का? आन् मला वाटलं, रडतो म्हणून कळलं तर आणखी मारतील."

"अगं, रडत न्हाई म्हणून तर मारत होतो!" गुरुजींचा आवाज चिरकला. "मला वाटायचं मुजोर हाये, मुद्दाम करतो. एकदा रडला असता तर मी तिथंच थांबलो असतो. बिलकुल थांबलो असतो."

प्रेमनं गिअर टाकला. रस्ता मोकळा झाला होता.

"म्हणजे मी टायमावर रडायला पाह्यजे व्हतं," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

*

परतूरच्या दवाखान्यातल्या एक्स-रेत हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "पडली कधी?" वेळ ऐकून म्हणाले, "आणि मधे हिनं भाषण केलं?"

"तीन वाक्यं," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी इंजेक्शन देऊन हात सरळ केला, प्लॅस्टर घातलं. संबोधी रडत होती. गुरुजींच्या तोंडून "रडायचं न्हा..." एवढं निघालं आणि तिथंच थांबलं. उरलेला शब्द गिळायला त्यांना वेळ लागला. मग ते नातीच्या कानाशी वाकून, कुठलंतरी अवघड पाठांतर म्हणावं तसं म्हणाले, "रड. दुखत असंल तर रड तू."

फोन वाजला. काकासाहेब होते. लोक जेवतायत, अजून थांबलेत, गुरुजी परत आले तर दोन शब्द होऊन जातील.

"काकासाहेब," गुरुजी म्हणाले, "ती शंभर छड्यांची गोष्ट सांगितली ना मी. ती बराबर न्हाई."

"कशी गुरुजी?"

"मोजल्या न्हव्हत्या मी." त्यांनी फोन बंद केला.

डॉक्टर कागद लिहायला आत गेले, ज्योत्स्ना त्यांच्यामागं गेली, बेबीनंदा पोरीसाठी पाणी बघायला. बाकावर तिघं राहिले. संबोधीचं रडणं ओसरलं होतं, आणि तिचं ध्यान आता काकावर आलं होतं.

"काका, तुला मारलेलं अजून दुखतं?"

"न्हाई गं. किती वर्षं झाली."

"खरं सांग," गुरुजी म्हणाले.

प्रेमनं आपलं एक बोट वर केलं. "थंडीत दुखतं," तो म्हणाला. "हे बोट. तार गुंडाळताना पुरं वळत न्हाई. गिऱ्हाइकाला वाटतं, मोटारीच्या कामानं झालं असंल. मी पण तेच सांगतो."

गुरुजींनी हात पुढं केला. प्रेमला काय करावं कळेना, म्हणून त्यानं आपला हात दिला. गुरुजींनी तो बोटांच्या टोकांना धरला, तळवा वर करून, ताठ. लेकराचा हात धरायची त्यांना हीच एक रीत माहीत होती. आपण कसा धरलाय हे त्यांच्या ध्यानात आलं, पण दुसरा कसा धरायचा ते काही केल्या सुचेना. त्यांनी वाकडं बोट चाचपलं. ते खरंच वळत नव्हतं.

प्रेमचा तळवा आपोआप घट्ट झाला होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस श्वास रोखून भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होता.

"सोडा आता, गुरुजी," तो हळूच म्हणाला.

गुरुजींनी लगेच सोडला.